झाझेनला बसतो, मग स्वतःला बौद्ध म्हणावं का?

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात आयटीत काम करणारे एक गृहस्थ काही वर्षं नेमानं झाझेन, म्हणजे झेन बौद्ध पद्धतीचं बसून करायचं ध्यान, करतात. घर हिंदू, देव्हाऱ्यात गणपती. त्यांच्या गटात आता जुकाई, म्हणजे शीलग्रहणाचा विधी होणार आहे आणि शिक्षकांनी त्यांनाही विचारलंय. अडचणी तीन. कर्म-पुनर्जन्म मनाला पटत नाही, मग शीलं कोणत्या तोंडानं घ्यायची? ऑफिसातला जवळचा मित्र, ज्याच्या आजोबांनी 1956 साली नागपूरला दीक्षा घेतली, तो म्हणाला, "तुझं बौद्ध होणं हौसेचं, आमचं तसं नव्हतं." आणि शेवटचं म्हणजे, झेन तर नावागावाच्या पलीकडे जायला सांगतं, मग 'बौद्ध' ही पाटी हवीच कशाला?

मी सोतो या जपानी झेन परंपरेत बसतो, शीलं घेतलेली आहेत आणि नव्या लोकांना बसायला शिकवण्यात बराच काळ गेलाय. शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच आहे.

आपल्याकडे झेन बहुतेकांना भेटतं ते ओशोंच्या प्रवचनांतून, नाहीतर मोबाइलवर फिरणाऱ्या छोट्या गोष्टींतून. त्यामुळे एक समज पक्का झालाय, की झेन म्हणजे नियम नाहीत, धर्म नाही, पाप-पुण्य नाही, सगळ्यातून मोकळं. या समजाला उत्तर देणारी गोष्ट झेनच्याच पोटात आहे. मुमोन एकाई या चिनी गुरूंनी 1228 साली 48 कोआन, म्हणजे साधकानं मनात घोळवायच्या कोड्यासारख्या गोष्टी, एकत्र केले, त्यातला हा दुसराच.

ह्याकुजो (चिनी उच्चार बायझांग, मृत्यू 814) यांच्या प्रवचनाला एक म्हातारा येऊन बसायचा. भिक्खू उठले की तोही उठून जायचा. एक दिवस तो मागे थांबला. ह्याकुजोंनी विचारलं, कोण तू? तो म्हणाला, "मी माणूस नाही. फार पूर्वी, काश्यप बुद्धाच्या काळात, मी याच डोंगरावर मठाधिपती होतो. एकानं मला विचारलं, साधना पुरी झालेला माणूस कार्यकारणाच्या फेऱ्यात सापडतो का? मी म्हणालो, सापडत नाही. त्या उत्तरापायी पाचशे जन्म कोल्हा होऊन काढले. आता तुम्ही सांगा." आणि त्यानं तोच प्रश्न ह्याकुजोंना विचारला. ते म्हणाले, "तो कार्यकारणाकडे डोळेझाक करत नाही." म्हातारा तिथल्या तिथे सुटला. डोंगरामागे एका मेलेल्या कोल्ह्याचं कलेवर सापडलं आणि ह्याकुजोंनी त्याचा भिक्खूसारखा अंत्यविधी केला.

या गोष्टीवर शेकडो वर्षं वाद झाले. पुष्कळ गुरूंनी दोन्ही उत्तरं शेवटी एकच, असं सांगितलं. जपानमध्ये सोतो परंपरा आणणारे दोगेन (1200 ते 1253) हे यावर दोनदा बोलले आहेत. 1244 सालच्या लेखात ते गोष्ट उलटसुलट करून बघतात, कोणत्याच उत्तरावर मुक्काम करत नाहीत. आयुष्याच्या अखेरीच्या लेखनात मात्र, ज्याची प्रत त्यांचे शिष्य एजो यांनी 1255 साली, गुरू गेल्यावर केली, त्यांचा सूर बदललेला आहे. पहिलं उत्तर चूक, कार्यकारण नाकारणं चूक, आणि दोन्ही उत्तरं सारखीच म्हणणाऱ्यांचा कार्यकारणावर विश्वासच नाही, असं ते सरळ लिहितात. माझं मत दोगेनच्या या उत्तरवयातल्या बाजूनं आहे, आणि गटांमधून माणसं पाहत गेलो तसं ते पक्कं होत गेलंय.

आता तुमच्या त्या पाटीच्या प्रश्नाकडे या. "मी लेबलांच्या पलीकडचा आहे, मी फक्त बसतो" हे ऐकायला नम्र वाटतं. पण म्हाताऱ्याचं पहिलं उत्तर हेच होतं. सगळे कुठल्या ना कुठल्या जातीचे, धर्माचे, घराचे. मी तेवढा सुटलो. पाटी न लावल्यानं माणूस कोरा होत नाही. तुमचं आडनाव बोलतं, घर भाड्यानं घेताना मालक काय विचारतो आणि काय विचारत नाही हे बोलतं. नाव घेणं ही जशी कृती आहे तशी नाव टाळणंही कृतीच आहे. दोन्हींचे परिणाम होतात आणि ते कोणावर होतात हे पाहायला लागतं. मला या सगळ्या विषयात एकच सांगायचंय: "मी बौद्ध आहे" हे म्हणणं हेसुद्धा कर्म आहे. त्याकडे कर्म म्हणूनच पाहावं. कोणत्या हेतूनं म्हणतोय, कोणासमोर म्हणतोय, त्यातून काय घडेल.

गंमत अशी, की दोगेनना 'झेन पंथ' हे नाव अजिबात मान्य नव्हतं. 1243 सालच्या एका लेखात ते या नावावर तुटून पडतात. बुद्धाच्या मार्गाला कोणी झेन पंथ म्हणू लागलं तर तो माणूस बुद्धाचा वंशज नव्हे, अशी त्यांची भाषा आहे. म्हणजे ज्यांच्या नावानं आपण झेन करतो त्यांना 'झेन' ही पाटी नको होती आणि 'बुद्धाचा मार्ग' मात्र हवा होता. आज आपल्याकडे बरोबर उलट चाललंय. 'झेन' म्हणवून घ्यायला कोणालाच संकोच नाही, कॅफेला चालतं, सोफ्याला चालतं. 'बौद्ध' म्हणताना मात्र जीभ अडखळते. ती का अडखळते याचा विचार महाराष्ट्रातल्या झेन साधकानं करायलाच हवा. खाली त्याकडे येतो.

आधी कर्म. आपल्या बोलण्यात कर्म म्हणजे मागची थकबाकी. "कर्म माझं!", "भोग आहेत, भोगून संपवायचे." कोणाच्या मुलाला दुर्धर आजार झाला की शेजारीण हळूच म्हणते, मागच्या जन्मीचं काहीतरी असेल. तुम्हाला हे पटत नसेल तर तुम्ही बुद्धाच्या जवळच आहात. राजगृहाला शिवक नावाच्या परिव्राजकानं बुद्धांना नेमकं हेच विचारलं होतं: माणसाला जे सुखदुःख होतं ते सगळं पूर्वकर्मामुळे, असं काही लोक म्हणतात, आपलं मत काय? बुद्धांनी आठ कारणं सांगितली. पित्त, कफ, वात, तिन्हींचा एकत्र बिघाड, ऋतुबदल, स्वतःची हेळसांड, दुसऱ्यानं केलेला घाव, आणि आठवं कर्मविपाक. सगळं पूर्वकर्मानंच होतं म्हणणारे लोक स्वतःला कळतं त्याच्याही पुढे जातात आणि जग ज्याला खरं मानतं त्याच्याही पुढे जातात, असं ते म्हणाले.

आणि 'करावे तसे भरावे'? अंगुत्तर निकायात एक सुत्त आहे, त्यात बुद्ध म्हणतात, माणूस जसं कर्म करतो अगदी तस्संच त्याला भोगावं लागतं असं कोणी म्हणेल तर साधनेला जागाच उरत नाही. पुढे मिठाच्या खड्याचा दाखला आहे. वाटीभर पाण्यात खडा टाकला तर पाणी पिववत नाही, तोच गंगेत टाकला तर काही फरक पडत नाही. कर्म तेच, पण माणूस आतून केवढा झालाय यावर फळ ठरतं. इतकी मोकळी जागा ज्या शिकवणीत आहे ती आपल्याकडे कपाळावरची रेघ होऊन बसली, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

बुद्धांची कर्माची व्याख्या फार आटोपशीर आहे: चेतनेला, म्हणजे हेतूला, मी कर्म म्हणतो. हेतू धरूनच माणूस काया, वाचा आणि मनानं कृती करतो. झाझेनमध्ये हे वाचायचं नसतं, बघायचं असतं. तुम्ही बसता तेव्हा डाव्या हाताचा तळवा उजव्या तळव्यावर आणि दोन्ही अंगठ्यांची टोकं एकमेकांना जेमतेम टेकलेली असतात. कालच्या बैठकीत वरिष्ठांनी सगळ्यांदेखत केलेला अपमान आठवला की बघा. आधी अंगठे एकमेकांवर दाबले जातात आणि त्यांचा डोंगर होतो. मग दाढा आवळतात, श्वास छातीत वर चढतो, आणि त्यानंतर कुठे मनात वाक्य तयार होतं: "त्याला आता दाखवतोच." झोप आली तर याच्या उलट, अंगठे खाली घसरतात आणि हातात दरी होते. वाक्य तयार होण्याआधीचा तो जो अंगठ्यांचा क्षण आहे, तिथे हेतू जन्माला येताना दिसतो. दिसला की एक फट मिळते. कधी तिचा उपयोग होतो, कधी होत नाही आणि ईमेल जायचा तो जातोच. पण या फटीवर विश्वास असणं म्हणजेच झेन साधकाचा कर्मावरचा विश्वास. त्यासाठी पुनर्जन्माबद्दल आज निकाल लावायची गरज नाही.

तरी एक स्पष्ट सांगतो, कारण पाश्चात्त्य झेनमध्ये ही बाब अनेकदा गुळगुळीत करून टाकतात. दोगेन पुनर्जन्म मानत होते. कर्म या जन्मी, पुढच्या जन्मी किंवा त्यानंतरही कधी पिकतं, असं त्यांनी लिहिलंय. त्याच वेळी शरीर जातं आणि आत्मा तेवढा अखंड उरतो, ही कल्पना त्यांनी 1231 सालीच खोडून काढली होती. तेव्हा "खऱ्या झेनमध्ये पुनर्जन्म नाहीच" असं म्हणून परंपरेला आपल्या सोयीचं करू नका. मला ही गोष्ट पटलेली नाही आणि मी ती उघडी ठेवतो, असं म्हणा. जुकाईत हा प्रश्न कोणी विचारत नाही. तिथे बुद्ध, धम्म, संघ यांना शरण जायचं असतं, त्यानंतर तीन शुद्ध शीलं आणि दहा मुख्य शीलं, अशी एकूण सोळा. प्रत्येक शीलानंतर विचारतात, हे पाळाल का? तुम्ही "हो" म्हणता. काय मानता हे कोणी विचारत नाही, काय कराल ते विचारतात.

त्याच्या आधी एक कबुली म्हणतात, रोजच्या पाठातही ती असते. तिचा आशय असा: अनादी लोभ, द्वेष आणि मोहातून, काया-वाचा-मनानं माझ्या हातून पूर्वी जी काही वाईट कर्मं घडली ती सगळी मी आता कबूल करतो. सगळी कबुली 'मी'ची आहे. शेजाऱ्याच्या कर्माची कबुली द्यायची सोय त्यात नाही. माझ्याकडे नवीन येणाऱ्यांना मी एकच पथ्य सांगतो: कर्म हा शब्द स्वतःपुरता वापरायचा. दुसऱ्याचं दुःख समजावून सांगायला तो वापरला की तो विषारी होतो.

'विषारी' हा शब्द मी उगाच वापरत नाहीये, कारण हे खुद्द सोतो पंथात घडलंय. जपानमध्ये बुराकुमिन नावाचा समाज आहे. कातडी कमावणं, मेलेली जनावरं ओढणं, अशा कामांवरून पिढ्यान्‌पिढ्या बहिष्कृत. मराठी वाचकाला अधिक सांगायला नको. तोकुगावा राजवटीत सतराव्या शतकापासून प्रत्येक कुटुंबाला कोणत्या तरी देवळात नाव नोंदवावं लागे, आपण ख्रिस्ती नाही हे सिद्ध करायला. तेव्हापासून देवळं म्हणजे जन्म-मृत्यूचं दप्तर झाली. माणूस मेला की भिक्खू त्याला धम्मनाव देतात, ते देवळाच्या वहीत आणि थडग्यावर लिहिलं जातं. बुराकुमिनांच्या या नावांत 'जनावर', 'कातडं', 'चाकर' अशा अर्थाची अक्षरं घालत. मेल्यावरही जात थडग्यावर कोरलेली. आणि प्रवचनात सांगत, हा तुमच्या पूर्वकर्माचा विपाक.

1979 साली अमेरिकेत प्रिन्स्टनला जागतिक धर्म आणि शांती परिषद भरली होती. सोतो पंथाचे तेव्हाचे मुख्य प्रशासक माचिदा मुनेओ तिथे म्हणाले, जपानमध्ये असा भेदभाव उरलेला नाही. बुराकु मुक्ती चळवळीनं पंथाला जाब विचारला. त्यानंतर पंथानं आपली दप्तरं तपासायला घेतली, कलंकित नावं शोधून बदलायला घेतली, कर्माची शिकवण आपण कशी वापरली याची चिकित्सा सुरू केली. 1984 साली नैरोबीच्या परिषदेत माचिदांनी आपलं विधान मागे घेऊन माफी मागितली. पुढे 1992 साली पंथानं युद्धकाळातल्या आपल्या वर्तनाबद्दलही जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला. हे सांगताना मला पंथाबद्दल राग नाही, उलट आदर वाढतो. कार्यकारणाकडे डोळेझाक न करणं ते हेच. पण लक्षात घ्या, त्यांना हे बसून बसून उमगलं नाही. ज्यांना दुखत होतं त्यांनी येऊन सांगितलं, तेव्हा उमगलं.

आता तुमच्या मित्राकडे येऊ. डॉ. आंबेडकरांनी बुद्धांवर लिहिलेल्या आणि 1957 साली, त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात कर्मावर स्वतंत्र विवेचन आहे. बुद्धांचा कर्मनियम ते मानतात, नैतिक व्यवस्था म्हणून. पण गेल्या जन्मीच्या कर्मानं या जन्मीची स्थिती ठरते, या सिद्धांताचा गरिबांच्या आणि पददलितांच्या अवस्थेची जबाबदारी राज्याला आणि समाजाला झटकता यावी, याखेरीज दुसरा हेतू दिसत नाही, असं ते लिहितात. प्रिन्स्टनच्या कितीतरी आधी, जपानच्या थडग्यांवरची अक्षरं कोणी तपासण्याच्या आधी, नेमकं दुखणं त्यांनी पकडलं होतं. मला आज कोणी विचारलं की कर्माबद्दल झेनच्या माणसानं काय वाचावं, तर दोगेनच्या शेजारी मी हे प्रकरण ठेवीन.

14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात लाखो माणसांनी 'बौद्ध' हे नाव घेतलं, ते ध्यानात बरं वाटतं म्हणून घेतलेलं नव्हतं. जन्मानं चिकटवलेली ओळख भिरकावून देण्याचं ते कृत्य होतं, आणि त्याची किंमत गावोगाव मोजली गेली. धर्म बदलला म्हणून अनुसूचित जातीच्या सवलती गेल्या. केंद्राच्या यादीत त्या बौद्धांना मिळायला 1990 साल उजाडलं. 2011 च्या जनगणनेत देशात सुमारे 84 लाख बौद्ध होते, त्यातले 65 लाख एकट्या महाराष्ट्रात. म्हणजे मराठीत "मी बौद्ध आहे" म्हटलं की ऐकणाऱ्याला क्योतोचं देऊळ आठवत नाही, दीक्षाभूमी आठवते. मघाशी म्हटलं ना, जीभ अडखळते. ती इथे अडखळते. अनेकांना झेन हवं असतं, पण या 65 लाखांच्या रांगेत आपलं नाव नको असतं. तुमच्या मनात हे थोडंही असेल तर विधीच्या आधी ते स्वतःशी कबूल करा. कबुलीचा पाठ त्यासाठीच आहे.

दुसरी एक सवय याहून वाईट. ध्यान करणारी मंडळी आपापसात म्हणतात, "ते लोक राजकीय बौद्ध, आपण साधना करतो." दहा शीलांतलं सातवं शील आहे: स्वतःला वर चढवून दुसऱ्याला खाली न पाडणं. हे वाक्य त्या शीलाचा सरळसरळ भंग आहे. आणि खुद्द जपानमध्ये सोतो पंथाची सुमारे 14,000 देवळं असली तरी तिथली बहुसंख्य कुटुंबं झाझेनला बसत नाहीत, अंत्यविधी आणि श्राद्धापुरती देवळाशी जोडलेली असतात. त्यांना कोणी खोटे बौद्ध म्हणत नाही. मग बुद्धविहारात त्रिसरण-पंचशील म्हणणाऱ्या आजीला खरं-खोटं ठरवणारे आपण कोण?

याचा अर्थ तुम्हाला हे नाव घ्यायचा अधिकार नाही असं मी म्हणत नाही. बुद्धाला शरण जायला कोणाच्या परवान्याची गरज नाही, आणि जन्मानं कोणी काही ठरत नाही, कर्मानं ठरतं, हे वचन सुत्तनिपातात बुद्धांच्याच तोंडी आहे. ते तुम्हालाही लागू आहे. मात्र नाव न घेताही झेन करता येतं, हेही तितकंच खरं. कोडाईकनालजवळ पेरुमलमलैला बोधी झेंडो हे झेन साधनाकेंद्र आहे. ते उभं करणारे आमा सामी हे जेझुइट, म्हणजे कॅथलिक, धर्मगुरू. त्यांचे गुरू जपानमधल्या कामाकुराचे यामादा कोउन (1907 ते 1989), ज्यांच्याकडे कितीतरी कॅथलिक पाद्री आणि नन बसायला येत. यामादांनी त्यांना ख्रिस्त सोडायला सांगितलं नाही. तेव्हा गणपतीची आरती करून सकाळी झाझेनला बसणारा माणूस काही अपराध करत नाही. त्यानं फक्त दोन्हींपैकी कशाचीही खिल्ली उडवू नये.

पण जुकाई घ्यायची ठरवलीत तर ती पूर्ण घ्या. त्रिशरण म्हणून झाल्यावर "तसा मी काही बौद्ध वगैरे नाही हं" असं बाहेर येऊन सांगणं मला पटत नाही. शरण गेलात, तर गेलात. ही ओळख मिरवू नका, कोणी सरळ विचारलं तर लपवूही नका. सरकारी कागदावरचा धर्म जुकाईनं आपोआप बदलत नाही, तो वेगळा निर्णय आहे आणि त्याची घाई नाही. आईला मात्र विधीनंतर फोटोंवरून कळू देऊ नका. आधी बसून सांगा, आणि देव्हाऱ्यातला गणपती हलणार नाही हेही सांगा, कारण तिला पहिली काळजी तीच वाटेल.

विधीआधी राकुसु शिवायचा असतो, गळ्यात घालायचं ते छोटं चीवर. कापडाच्या लहान पट्ट्या, भाताच्या खाचरांसारखी मांडणी, सगळं हातानं, बारीक टाके, आणि आमच्या पद्धतीत प्रत्येक टाक्याला मनात "नमु किए बुत्सु", बुद्धाला शरण. टाका वाकडा गेला तर उसवून पुन्हा घालायचा. यात महिने जातात आणि ते जाऊ द्या. एवढ्या अवधीत एखाद्या रविवारी मित्राच्या घरी जा. त्याच्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा गावात पुढे काय झालं ते विचारा आणि मध्ये न बोलता ऐका. तो ऑक्टोबरात दीक्षाभूमीवर जात असेल तर मी बरोबर येऊ का, असं विचारा. नको म्हणाला तर आग्रह करू नका. जुकाईचं आमंत्रण त्याला जरूर द्या. तो आला नाही तरी शिवण थांबवू नका.